देऊळ समजून शिरले त्या दुपारी

आई, काल माझ्याकडे पुण्याहून पाहुणे आले होते. नवराबायको, तिशीतले, हौशी. काचेच्या इमारती, मनोरे, दुकानं असं सगळं पाहून झालं आणि मग ती मुलगी मला म्हणाली, "काकू, हे छानच आहे हो, पण खरं जुनं जपान कुठे बघायला मिळेल?" मी त्यांना सगळे नेतात त्या मोठ्या देवळात नेलं. लाल कंदिलाखाली त्यांनी फोटो काढले, भाड्याचे किमोनो घालून पुन्हा तेच फोटो काढले आणि खूश होऊन हॉटेलवर गेले. मला जुनं जपान भेटलं ते अशा जागी, की तिथे पाहुण्यांना काही नेता येत नाही. ती गोष्ट सांगायची तर तुलाच सांगायला हवी. तू गेलीस त्यानंतरची आहे, म्हणून तुला ती ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकातलं आमचं हे उपनगर, निशी-कसाई, आजच्यासारखं नव्हतं गं. आता स्टेशनबाहेर कढीपत्ता मिळतो आणि चार पावलांवर कुणीतरी "काय, कशा आहात?" म्हणतं. तेव्हा आम्ही बँकेच्या बदलीवर आलेलो, हे सकाळी गाडी पकडून जायचे ते रात्री जेवायलाच उगवायचे. दिवसभर मी आणि भिंती. ओला कचरा चुकीच्या वारी बाहेर ठेवला की शेजारीण येऊन खुणांनी समजावायची, तेवढंच माझं संभाषण. कधी कधी वाटायचं, मुद्दाम चुकीच्या दिवशी ठेवावा. तुला मी भली लांबलचक पत्रं लिहायचे, मजेत आहे म्हणून. तुला कुठलं पटायला! तू उलट लिहायचीस, "मजेत असलेली माणसं इतकं लिहीत नाहीत. खरं काय ते कळव."

मग दादाचा सांगलीहून फोन आला. तो ह्यांनी घेतला. माझा पासपोर्ट नेमका नूतनीकरणाला दिलेला, आणि दादा म्हणत होता की ती येईपर्यंत अंत्यविधी थांबवता येणार नाही. ह्यांनी फोन ठेवला, मला खाली बसवलं, सांगितलं. बराच वेळ पाठीवर हात ठेवून बसले आणि मग म्हणाले, "ऊठ, डोक्यावरून अंघोळ करून घे." मी म्हटलं, "करते नंतर." केली नाही. रीत मला माहीत होती, तूच शिकवलेली. गेल्याची बातमी कानावर आली की आधी अंगावर पाणी, मग बाकीचं. पण ती अंघोळ केली असती तर ते खरं झालं असतं. मी रडलेही नाही. "आई गेली" हे दोन शब्द मला कुणाला सांगावे लागले नाहीत, सगळ्यांना ह्यांनी आणि दादाने परस्पर सांगितलं, आणि मी ते तोंडातून काढले नाहीत. दुकानात नवी भाजी दिसली की मनात म्हणायचे, आईला लिहायला हवं. आत कुठेतरी मला कळत होतं की हे बरं नाही, असंच चाललं तर आपलं काहीतरी बिघडेल. पण जीभ उचलेना.

घरात त्या फोनसमोर बसवेना, म्हणून मी शहर बघत सुटले. रोज एखाद्या वेगळ्या स्टेशनवर उतरायचं आणि पाय नेतील तिकडे जायचं. आकाशाला भिडलेल्या इमारती पाहिल्या, दहा मजली दुकानं पाहिली, सरकते जिने चढले नि उतरले. एवढ्या गर्दीत कुणाचा धक्कासुद्धा लागत नाही इथे. लोक त्याचं कौतुक करतात. मला मात्र त्या दिवसांत कुणाचा तरी धक्का लागावा असं फार वाटायचं.

अशीच एक थंडीतली दुपार. शहराच्या जुन्या भागात, दोन उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत मी वळते आणि समोर देऊळ. वळणदार कौलारू छप्पर, खाली लाकडात कोरलेले पक्षी, दारावर निळा पडदा. पडद्यावर एकच मोठं अक्षर, मला वाटलं, आपल्या ॐ सारखं काहीतरी असणार. आत शिरताच चपला ठेवायचे खण. आता चपला बाहेर काढायच्या म्हणजे दुसरं काय असणार? एक म्हातारी माझ्यापुढे आत गेली. तिच्या हातात प्लॅस्टिकचं लहानसं घंगाळ, वर पांढरं फडकं झाकलेलं. पूजेचं सामान, मी मनाशी म्हटलं. डोक्यावर पदर नव्हता, कोटाची टोपी होती, तीच ओढून घेतली आणि तिच्या मागोमाग गेले. आत उंच बैठकीवर एक बाई बसलेल्या. मी हात जोडले, वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यापुढे एक नाणं ठेवलं. बाईंनीही वाकून नमस्कार केला आणि मला सुटे पैसे परत दिले. दक्षिणेचे सुटे परत करणारा देव मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मग मी गाभारा शोधायला मान वळवली, तर काचेपलीकडे वाफच वाफ, भिंतीवर फुजी पर्वताचं हे एवढं चित्र आणि त्याच्याखाली अंगावर सूतही नसलेल्या दहाबारा बायका, निवांत गप्पा मारत बसलेल्या.

ते सार्वजनिक न्हाणीघर होतं. सेंतो म्हणतात त्याला. घरोघरी न्हाण्या नव्हत्या तेव्हापासूनची इथली रीत, आणि त्याला देवळासारखं छप्पर बांधायची या शहरातली पद्धत. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त पळायला वळले. त्या घंगाळवाल्या म्हातारीने माझं कोपर धरलं. "दोझो, दोझो," म्हणाली. या, बसा, असंच काहीसं. आई, तू मला परकराची नाडी बांधतानासुद्धा दार लावायला शिकवलेलं. मी तो हात झटकून जायला हवं होतं. पण कित्येक आठवड्यांत बाहेरच्या कुणी मला हात लावला नव्हता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटेना. बैठकीवरच्या बाईंनी साबण आणि पंचा दिला. मी कपडे काढले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच लाजून अर्धमेली, तर तिथे कुणाला पत्ताच नाही.

घाईघाईने पाण्याच्या मोठ्या हौदात शिरून लपावं म्हटलं, तर म्हातारी ओरडलीच, "नो, नो!" आधी बाहेर बसून अंग घासून धुवायचं, मग हौद. तिने मला ठोकळ्याएवढ्या स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या पाठीवर हात मारून विचारलं, घासू का? इथे जुन्या बायका एकमेकींची पाठ अशी घासून देतात. मी मान डोलावली. तुला वाटेल मी म्हणणार की तो हात अगदी तुझ्यासारखा होता. नव्हता. दिवाळीत तू वज्री घेऊन बसलीस की माझी सालटी निघायची, वर "मान खाली घाल, नाहीतर उटणं डोळ्यात जाईल आणि बोंबलशील" हा दम. हिचा हात हलका, कसलीही घाई नसलेला. ती घासते आहे, मी फरशीवरून वाहत जाणारा फेस बघते आहे. मग तिने घंगाळ भरलं, मला डोळे मिटायची खूण केली आणि गरम पाणी माझ्या डोक्यावरून ओतलं.

झाली अंघोळ. ह्यांनी सांगितलेली, मी टाळलेली. पाणी कानांवरून उतरत होतं आणि मी मोठ्याने, मराठीत, म्हणाले, "आई गेली." म्हातारी वाकून माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा म्हटलं, "माझी आई गेली हो." आणि मग इतकी रडले, इतकी रडले, की शेजारच्या नळावरच्या बाईने हळूच आपला नळ मोठा सोडला, माझा आवाज त्यात बुडावा म्हणून. म्हातारीला एक अक्षर कळलं नसणार. ती नुसती "सो, सो" करत राहिली, आपण "हो गं" म्हणतो तसं, आणि पाणी घालत राहिली. माझं आवरल्यावर तिने फडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. आता माझी पाळी. तिच्या मणक्यांची माळ दिसत होती. मी हळूहळू घासत राहिले. तुझी पाठ मी कधी घासली नव्हती. तूही कधी सांगितलं नाहीस, मलाही सुचलं नाही.

रात्री ह्यांना जेवण वाढता वाढता सांगितलं, आई गेली म्हणून. ते घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "हो." एवढंच. मग आम्ही दोघं तुझ्याबद्दल बोलत बसलो, पहिल्यांदाच. त्या न्हाणीघरात मी पुढे वर्षभर जात राहिले. म्हातारी कधी भेटायची, कधी नाही. पुढे माझं जपानी बरं झालं, पण तोवर तिचं येणं बंद झालं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, ते मला माहीत नाही. पण लिहायला घेतलंच आहे तर एक कबूल करते. दादा दरवर्षी तुझ्या तिथीला फोन करतो. मी हो म्हणते, त्या दिवशी पान वाढते. पण माझ्या लेखी तू त्या तिथीला गेलीच नाहीस. तू गेलीस ती त्या दुपारी. दादाने तुला खांदा दिला, वहिनीने शेवटचं पाणी पाजलं, माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, असं सगळे हळहळतात. मीही मान खाली घालून ऐकून घेते. मला तू त्यांच्यापेक्षा काही आठवडे जास्त जिवंत मिळालीस, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.