सोळा परकरांचं अस्तर

मंगळवार, १ डिसेंबर १९८७
शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंचं काम आलं. (पुढे हे. मि. लिहीन. एवढं लांब लिहायला हात रिकामा नाही.) स्कूल डेला चौथीच्या सोळा मुली हातात पेटत्या पणत्या घेऊन नाचणार. सोळा परकर शिवायचे. नात, छाया, पुढच्या ओळीत आहे, घरभर गिरक्या चालल्यात. कापड मात्र चकचकीत पॉलिएस्टर, फुंकर मारली तरी उडणारं. पेटत्या पणत्या आणि हे कापड. ज्याने निवडलं त्याला डोळे आहेत की नाहीत?

बुधवार, २
गेले होते. सुती घ्या म्हटलं. बाईंनी माझ्याच कात्रीत तुकडा धरून काडी लावली. आकसला, दोन थेंब गळले, विझला. अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "नोडी, बघा, आपोआप विझतं. सुती भडभड जळलं असतं. सुम्ने, उगाचच घाबरवता पोरींना." दोन टीचर हसल्या. चाळीस वर्षं शिवते आहे मी, आणि मला कापड शिकवतात. तो गळलेला थेंब पोरीच्या पायाला चिकटला तर कातडी घेऊनच निघेल, ते कुणी बघायचं? भांडून भांडून आतून सुती अस्तर लावायचं कबूल करून घेतलं. एवढं तरी पदरात पडलं.

मंगळवार, ८
छायाचा परकर पहिला झाला. हे. मि.नी नमुना म्हणून ठेवून घेतला. अस्तर उलटून दोनदा पाहिलं, "छान आहे" म्हणाल्या. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

शुक्रवार, ११
नऊ झाले. मागच्या दारी कचरा पेटवला, त्यात चिंध्या टाकत होते. नुसत्या पॉलिएस्टरच्या आकसून विझत होत्या. मग अस्तर जोडलेली एक टाकली ती विझेचना. बाहेर ओढली, फरशीवर ठेवली, तरी शेवटपर्यंत जळली. शांत, उभी ज्योत, समईची असते तशी.
पुन्हा केलं. तीनदा. तीनदा तेच.
अस्तर तर मीच

रविवार, १३
नणंद आली होती, वत्सला. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिला जाळून दाखवलं. तिने स्वतः आणखी एक चिंधी जाळून पाहिली. मग म्हणाली, "वहिनी, कापड असं जळतच नाही. तापून त्याची वाफ होते, ती हवेशी मिळून जळते. जिथे ते चाललेलं असतं त्या जागेला आपण ज्योत म्हणतो. ती वस्तू नव्हे." मी म्हटलं काहीतरी बोलू नकोस. तिने मेणबत्ती लावून फुंकली आणि वर चढणाऱ्या धुराला काडी लावली, वातीपासून चांगली दोन बोटं वर. ज्योत धुरावरून उतरून वातीवर जाऊन बसली.
मग पिवळं काय दिसतं ते? "काजळी. तापून उजळलेले तिचे कण." जन्मभर दिव्यावर ताटली धरून काजळ पाडलं, पोरांच्या डोळ्यांत घातलं. हे कुणी सांगितलं नाही.
आणि अस्तर? "नुसतं पॉलिएस्टर वितळून गळून जातं, जळायला थांबत नाही. सुती अस्तर त्या वितळलेल्याला धरून ठेवतं. मेण आणि वात. तुम्ही वात लावलीत, वहिनी."
आधी तिचाच राग आला. मग हे. मि.चा, अर्धवट शास्त्र टेबलावर जाळून दाखवल्याचा. जेवणं झाल्यावर माझा. तो अजून उतरला नाही.

सोमवार, १४
शाळेत. चिंध्या घेऊन गेले होते, काडी लावू दिली नाही, वेळ नाही म्हणे. "अस्तर तुम्हीच मागितलंत, अल्वा, हो ना?" अस्तर काढून देते म्हटलं. आरपार दिसेल, पालक बोलतील. बॅटरीचे दिवे? शोभा जाते. रात्रीचा दिवस करून सगळे सुती शिवते, कापड माझं. "ठरलंय ते ठरलंय." शोभा म्हणे. पोरी आहेत की तोरण?
परकर देणार नाही. बघू काय करतात.

बुधवार, १६
शिपाई न्यायला आला, रिकाम्या हाताने परत पाठवला. लेक चिडली. "आई, तमाशा नको करू. पोरीला त्याच शाळेत जायचंय ना." छायाने बोलणं टाकलंय. तिला काय सांगू.

गुरुवार, १७
छाया नाचतच घरी आली, माझ्याशी बोलली सुद्धा. "आज्जी, नवे लंगा आले! सोळाच्या सोळा. तू शिवलास ना, तस्सेच. आत अस्तर पण आहे."
नमुना दुसऱ्या शिंप्याकडे दिला. त्याने माणसं बसवून रातोरात टाक्याला टाका मिळवला. त्याचा काय दोष, मी तरी नमुना बघून वेगळं काय केलं असतं. चूक माझी, आणि तीही सुबक.

शुक्रवार, १८
लेकीच्या हातात चिमटा देऊन चिंधी धरायला लावली. मग तीच म्हणाली, छाया उद्या जाणार नाही. रडून रडून झोपली दुपारी.
पण बाकीच्या पंधरा. मापाच्या वहीत नावं आहेत, घरं छायाने सांगितली. सकाळपासून आठ झाली. एकीने भिकारीण समजून हात जोडले. एका घरी आजोबा म्हणाले, काम गेलं म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय देता. दोघींनी चिंधी जळताना पाहिली, "हे. मि. बघतीलच की" म्हणाल्या. अशा बघतात त्या. तीन दारं उघडलीच नाहीत.
आठव्या घरची बाई मात्र उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. चिंधीची राख झाल्यावर विचारलं, "आत हे अस्तर लावायचं कुणी काढलं?"
मी म्हटलं, मी.
ती उठली. दार लावलं नाही, आत या असंही म्हणाली नाही. पोरीला पाठवणार की नाही, विचारायचा धीर झाला नाही.
सात घरं राहिलीत. कार्यक्रम उद्या चारला.