धुकेऱ्याच्या पंखांवरचे डोळे

माँट्रियल, मंगळवार

तीर्थस्वरूप एर्मेलीन मावशीस गिल्बेरचा साष्टांग नमस्कार (ऑफिसात टेबलाखाली तेवढी जागा नाही, म्हणून मनातल्या मनात घातला आहे, मानून घे).

तुझा गुडघा कसा आहे? रिमूस्कीचा वारा जरा तरी थांबला का? आणि चर्चमधल्या तुझ्या गायनवृंदात मधेच खोकणाऱ्या त्या बाईंना तू शेवटी काढलंस, की तू नुसतं बघितल्यावर त्या आपणहून गेल्या? आल्फोंस काकांना नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझी नोकरी अजून आहे. ती कशी राहिली हे सांगायलाच पत्र लिहितोय. आधी खुर्चीत नीट टेकून बस.

मोठा झालेला माणूस दिवसभर गेमसाठी चित्रं काढतो म्हणजे नक्की करतो काय, असं तू दर नाताळला विचारतेस. तर सध्या मी पंख रंगवतो. आमच्या नव्या गेममध्ये धुकेरा नावाचं जनावर आहे. धड अस्वलाचं, पंख पतंगाचे, आणि एकेक पंख तुमच्या कोठाराच्या दाराएवढा. तो पुलावर बसतो आणि त्याला मारल्याशिवाय खेळाडूला पलीकडे जाता येत नाही. अस्वल दुसऱ्या कुणीतरी केलं, पंखांवरची नक्षी माझ्या गळ्यात पडली. आमच्या साहेबीण सोलांजबाई, त्यांची अट एकच : जनावर खोटं असलं तरी पंख खरे वाटले पाहिजेत.

मी जीव ओतून नक्षी काढली. बाई म्हणाल्या, "गिल्बेर, हे पंख आहेत की माझ्या सासूच्या स्वयंपाकघरातले पडदे?" पुन्हा काढली, तर तिला त्यांनी पायपुसणं ठरवलं. तिसऱ्या वेळी नुसता चष्मा पुसत राहिल्या (हे जास्त लागलं). माझी चूक अशी की मी एक पंख रंगवून तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवत होतो. खऱ्या पंखावरचे पट्टे शिरांच्या कलाने जातात, कडेला फिसकटतात, आणि डावा-उजवा हे भाऊ असले तरी जुळे नसतात. हे मला फुलपाखरांच्या काचघरात कळलं. तिथे मी एका भल्यामोठ्या तपकिरी पतंगासमोर नाक लावून इतका वेळ बसलो की शाळेच्या सहलीतल्या मुलांनी मलाही बघण्याच्या वस्तूंत धरलं. पतंगीणबाई उडून माझ्या कोटावर येऊन बसल्या. मला वाटलं, विद्या प्रसन्न झाली. प्रत्यक्षात त्या कॉलरच्या आतून अंडी घालत होत्या.

तो कोट मी सोलांजबाईंच्या खोलीत खुंटीवर विसरलो आणि घरी तापाने पडलो. खुंटीखाली बाईंचा कुंडीतला बुटका मेपल आहे, म्हणजे होता. पोटच्या पोरासारखा वाढवलेला, नाव त्याचं मार्सेल. मी बरा होऊन आलो तेव्हा अंडी फुटून सुरवंटांची पंगत उठायच्या बेतात होती आणि मार्सेलच्या अंगावर एकच पान शिल्लक होतं. त्यावरही दोघं बसलेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारी पंख दाखव. नाहीतर तू आणि तुझा कोट, दोघंही बाहेर."

पट्टे एव्हाना जमले होते, अडलं होतं डोळ्यांवर. पतंगाच्या पंखांवर शत्रूला दचकवायला डोळ्यांसारखे ठिपके असतात ना, ते मी काढले की तव्यावरची अंडी दिसायची. शुक्रवारी सकाळी मी अगदी हातपाय गाळून बसलो असताना समोरच्या तुझ्या फोटोकडे लक्ष गेलं. नाताळची प्रार्थना सुरू करायच्या आधी तू वृंदाकडे बघतेस, तो फोटो. मावशी, मी हात जोडून सांगतो, माझा विचार नव्हता. हात आपोआप चालला. वरची जड पापणी, डावा डोळा किंचित बारीक, बुबुळात तो पांढरा ठिपका.

पडद्यावर धुकेऱ्याने पंख उघडले. सोलांजबाई म्हणाल्या, "खरे आहेत. का ते सांगता येत नाही, पण मी आत्ता टेबलावरचे पाय खाली घेतले."

नोकरी वाचली, संकट पुढेच होतं. गेम तपासायला बेनवा नावाचा गडी असतो, दाढीवाला, दारात वाकून आत येणारा. त्याने पुलापर्यंत वाटेतलं सगळं कापून काढलं. धुकेऱ्याने पंख उघडले मात्र, बेनवाने तोंडातला च्युइंगगम कागदात गुंडाळला, टोपी काढली आणि छातीत श्वास भरून उभा राहिला.

"मार ना!" बाई ओरडल्या.

"कसं मारू, बाई? वाट बघतायत त्या."

"कशाची वाट?"

"ते कळत नाही. पण माझंच चुकलंय."

दुसऱ्याला बसवलं, तिसरीला बसवलं. एकजण उगाचच आईला फोन करायला बाहेर गेला. त्या पुलापलीकडे आम्ही अख्खं राज्य रंगवून ठेवलंय, किल्ले, बाजार, बर्फाचे डोंगर, आणि तिथे एक माणूस पोचत नाही. गेम पानगळीत बाजारात यायचा आहे. मार्सेलला नवी पालवी फुटतेय, म्हणून बाई अजून माझ्याशी बोलतात. बाकी काय लिहू? गुडघ्याला जप.

तुझा लाडका (आहे ना अजून?)
गिल्बेर

ता. क. : खरं म्हणजे पत्राचं कारण हे. तुझ्या आवाजात एक वाक्य ध्वनिमुद्रित करून पाठवशील का? "मारा, माझी हरकत नाही." पुलाच्या तोंडाशी ते वाजवू.

ता. क. दुसरा : आवाज पाठवू नकोस. बेनवा म्हणतो, त्यात आवाजही आला तर तो गावी निघून जाईल. आता आल्फोंस काकांचे डोळे घ्यायचं ठरलंय. काकांना कुणीच भीत नाही, तुमची मांजरसुद्धा. पण त्यांच्या प्रत्येक फोटोत ते एकतर हसतायत नाहीतर झोपलेत, आणि आम्हाला ते चिडलेले हवेत. तर कॅमेरा तयार ठेवून त्यांना सांग की त्यांची होडी विकली गेली, आणि त्याच क्षणी बटण दाब. तुला खोटं बोलायला आवडत नाही हे मला माहीत आहे, आणि बोलावं लागणारही नाही. हिवाळ्यापुरती माझ्याकडे ठेवलेली ती होडी मी शनिवारी विकली.