डोलिनाला आणायला कयाकने

सोमवार, २ सप्टेंबर
डोलिना बहिणीकडे, पलीकडच्या हॉर्व्हे बेटावर जाऊन तेवीस दिवस झाले. आज फोन. म्हणाली, नऊ तारखेला इथूनच मोठी बोट धरून ग्लासगोला जाणार, कायमची. त्याआधी न्यायला आलास तर घरी येते. फेरीबोटीनं आलास तरी चालेल.
फेरीबोटीनं कुणीही जाईल. मी कयाकनं जाणार, आपल्या चिंचोळ्या होडीतून वल्हं मारत. 'बोललेलं एक तरी काम तडीस नेलंस का' म्हणते ना! चार मैल खाडी. डाव्या हातचा मळ.

मंगळवार, ३ सप्टेंबर
कयाक शेडमधून काढली. आत उंदरांनी संसार थाटलाय. त्यांचा बरा चाललाय.

बुधवार, ४ सप्टेंबर
वारा. नकाशाचा अभ्यास केला. झोप लागली.

गुरुवार, ५ सप्टेंबर, सकाळी ७
निघालो.

७.२०
आलो. उलटलो होतो. फेरीबोटीचे दोर बांधणारा मर्डो धक्क्यावरून म्हणाला, टॉर्मॉड, उभा राहा बाबा, गुडघाभर पाणी आहे. कंबरेखाली सगळं बधिर. सराव म्हणून उत्तम.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
मर्डो म्हणाला, चल माझ्याबरोबर, चाळीस मिनिटांत पोचशील. बायको आणायचीय की पदक? त्याला नाही कळायचं.

शनिवार, ७ सप्टेंबर
वारा. कयाक एकाच माणसाची आहे हे आज ध्यानात आलं. परतीचं तिथे गेल्यावर बघू.

रविवार, ८ सप्टेंबर
समुद्र ताटासारखा सपाट. आठवड्यात पहिल्यांदा. पण रविवार, देवाचा वार. फेरीबोटसुद्धा बंद. आमच्याकडे रविवारी दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत, मी कयाक कशी घालणार? अकरा वर्षांत चर्चची पायरी चढलो नाही ते वेगळं. जनाची लाज आहे की नाही? दोनदा किनाऱ्यापर्यंत गेलो. दोन्ही वेळा खिडकीत शेजारच्या मिसेस मॅकॅस्किल. डोलिनालाही खपलं नसतं. ती रविवारी विणायची सुईसुद्धा हातात धरत नाही. उद्या पहाटे नक्की.

सोमवार, ९ सप्टेंबर
पहाटे वारा. थांबलो.
दुपारी मर्डो हॉर्व्हेहून आला. आधी दोर बांधले. मग म्हणाला, दहाच्या बोटीनं गेली ती. काल दिवसभर तिथल्या धक्क्यावर बसून होती म्हणे. चर्चहून येणारं अख्खं गाव बघून गेलं. बहीण बोलवायला गेली तर म्हणाली, समुद्र शांत आहे, आज येईल तो.
काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मर्डोला विचारलं, अंधार पडेपर्यंत बसली होती का?
हो म्हणाला.
बरं, म्हटलं.