बाबांच्या खांद्यावरची चार बोटं

लातूर, ता. ११ सप्टेंबर २०१६

प्रिय मार्तंडदादास सा. न.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. (कोचिंग क्लासचं कारण सांगणार होतो, पण पेपर तपासूनही माणसाला वेळ उरतो, हे मला ठाऊक आहे.) काकांचे गुडघे कसे आहेत? तुझा स्टुडिओ? आई बरी आहे.

तू लिहून दिलेली फोटो ताणायची कृती मी कपाटावर चिकटवली आहे. एक पिक्सेल रुंदीची उभी रेघ निवडायची, तिची प्रत नव्या लेयरवर घ्यायची आणि कड धरून आडवी ओढायची, की रंगांचे पट्टे पसरतात, लुगड्याच्या काठासारखे. रेघ नेमकी कुठे घ्यायची, हे तू दोनदा अधोरेखित केलं होतंस. तरी क्लासच्या फ्लेक्ससाठी मी ती पहिल्या आलेल्या मुग्धाच्या नाकावरूनच घेतली. नाक औशाच्या दिशेनं निघालं. तिचे वडील फ्लेक्सखाली उभे राहून म्हणाले, "सर, पोरगी मेरिटात आली का वितळून राहिली?"

मग ठरवलं, आता घरचंच काम. बाबा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांचा एकच फोटो, तोही भूकंपात अर्धा गेलेला. (ज्या ट्रंकेत तो होता, ती काकांनी नांदेडहून येऊन ढिगाऱ्यातून हातानं उपसून काढली, हे तुला माहीत आहेच.) उजवी बाजू ओकीबोकी दिसते म्हणून तिथली रेघ घेऊन ताणली. बाबांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहिली आहेत, हे लक्षातच आलं नाही. ती पट्टे होऊन थेट चौकटीपर्यंत गेली, आणि बाबा वाऱ्यावर सुटल्यासारखे दिसू लागले. आई म्हणाली, "हे कवा पळत होते रे? यश्टी सुटली तरी चालतच जायचे." मी पुसायला गेलो, तर तिनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. लई लांबून आलेला हात हाय त्यो."

दादा, तुझी कृती नसती तर हे वाक्य मी ऐकलंच नसतं. फार उपकार झाले.

तुझा,
नरसिंग

ता. क. फोटो भूकंपात अर्धा गेला, हे मी खोटं लिहिलं. एक्क्याण्णव साली अक्काच्या लग्नात काकांना आहेरात टॉवेल मिळाला, टोपी राहून गेली. ते पंगतीतून उठून गेले, आणि आईनं रागानं कात्री घेतली. काकांची बोटं तेवढी वाचली. ढिगाऱ्यावर ट्रंक उघडली तेव्हा काकांनी तो कापलेला फोटो पाहिला, धूळ पुसली आणि परत ठेवला. मी शेजारीच उभा होतो, बावीस वर्षांचा. आभार मानायचे असतात एवढं तेव्हा कळत होतं.

पुन्हा ता. क. पुढच्या रविवारी काकांना घेऊन ये. आईनं त्यांच्या डोक्याचं माप विचारलंय. तुझ्या उत्तरापर्यंत ती मला दम घेऊ देणार नाही.

उद्याचं काम: टोपी आणणे (दोन मापांत).