मामाजीची बाज

अकोला
२० जानेवारी २०२५

ती. सौ. मोनालीताईस,
धाकट्या प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

आमी इथी सारे बरे आहोत. भाऊजीचा गुडघा कसा आहे ते कळवजो. फोन काहून करत नाही म्हणून रागावजो नोको. दोन खोल्याचं घर, आत आत्याबाई, बाहेर मामाजी बाजेवर. सासू-सासऱ्याच्या कानावर न जाता इथी काहीच बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिली. माह्या अक्षराले हसजो नोको. आठवीनंतर पेन धरलाच कुठी.

ताई, आमच्या लेआउटमधी बगीचा होऊन राहिला. पलीकडं मोकळी जागा सोडली आहे ना, पोट्टे क्रिकेट खेळतात, तिथीच. पंजाबराव सर म्हणून एक रिटायर मास्तर आहेत. त्याईनं मागं लागून लागून झोके, घसरगुंडी, कसरतीच्या मशिनी मंजूर करून आणल्या. सारं लेआउट खुश आहे. देवू तं सकाळी उठल्या उठल्या विचारते, झोका कधी येते. अन् मले झोप नाही.

तुले ठाऊक आहे काहून. प्लॉट पाडून हे लेआउट झालं ते आमच्याच वावरात. माहं पहिलं लेकरू इथीच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आहे, निंबाखाली. तवा मी दवाखान्यात बेसुध होती, देवूचे पप्पा माह्यापाशी. मामाजीच एकटे घेऊन गेले. बाईमाणसानं तिथी जायचं नसते, विचारायचं बी नसते. आत्याबाईनं एकदा नुसतं सांगितलं, निंबाखाली आहे, अन् पुन्हा त्याचं नाव काढू नोको म्हणाल्या. नाव तं ठेवलंच नव्हतं, ताई.

आता त्या निंबापाशीच झोक्याचे खांब गाडणार आहेत. जेसीबी येणार आहे. काय निघीन त्या मातीतून? अन् साऱ्या लोकाईसमोर?

माह्यावरची माया कमी करजो नोको, अन् हे वाचून चुलीत टाकजो.
तुही प्राजक्ता


अमरावती
२९ जानेवारी

चि. सौ. प्राजक्तास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. तुह्या भाऊजीले वाटलं कोर्टाची नोटीस आली. त्याईचं तोंड पाह्यलं असतं तं हसली असतीस. मंग मी वाचलं, अन् मोरीत जाऊन रडली. चुलीत टाक म्हणतेस, माह्या घरी गॅस आहे बाई.

ऐक आता. पाच वर्सं झाले. एवढुस्सं लेकरू अन् आपली काळी माती. काही राहत नाही, पोरी. जेसीबीले मातीशिवाय काही भेटणार नाही. तरी जीव घाबरत अशीन तं तुह्या किशोररावले सांग, खांब थोडे सरकवा म्हणून त्याईनं सरांच्या कानावर घालावं.

नाही तं सासऱ्यालेच विचार ना! ते कुठी वावरात गेले आता? दिवसभर त्या बाजेवरच असतात. मी आली होती तवा पाह्यलं, ऊन असो का थंडी, बाज नालीकडच्या कोपऱ्यातून हालत नाही, आमची गाडी बी रस्त्यावरच लावाले लागली. म्हाताऱ्यानं प्लॉट बी असाच निवडला. सारं वावर त्याईचं, हवा तो मागता आला असता, अन् घेतला कोणता तं दक्षिणमुखी, नालीच्या कडेचा. आपले बाबा अजून म्हणतात, किसनराव व्याह्याले त्या दलालानं येडं बनवलं.

देवूचा पापा घे. ताईले विसरू नोको म्हणजे झालं.
तुही मोनाली


अकोला
१० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

देवूच्या पप्पाले सांगून पाह्यलं. ते एकदम चिडले. म्हणे, लोकाईनं लाखो रुपये मोजून प्लॉट घेतले, त्याईले हे समजलं तं आपल्याले इथी राहू देतीन काय. तोंड बंद ठेव म्हणे. त्याईचं बी खोटं नाही.

मंग मी लपूनछपून निंबाले पाणी टाकून येते. बाया म्हणतात, प्राजक्ताले झाडाचा लय नाद. परवा देवू माह्यामागं आली. पाहते तं चमच्यानं त्या बुडापाशीच खोदून राहिली, मातीच्या भाकरी कराले. ताई, मले काय झालं समजलं नाही. मी तिले मारलं. आजपर्यंत बोट लावलं नव्हतं, अन् अशी मारली की हाताचे वळ उठले. रात्री झोपेतबी हुंदके देत होती. आत्याबाईनं तेल गरम करून आणून देलं.

मामाजीले विचार म्हणतेस. मी त्याईच्यापुढं डोक्यावरचा पदर पडू देत नाही, तोंड कुठून उघडू? मांगच्या हप्त्यात नळ आला म्हणून बाज थोडी सरकवून त्या कोपऱ्यात भांडे घासाले बसली, तं केवढ्यानं वरडले! इतक्या वर्सांत पहिल्यांदा. घमेलं स्वताच उचलून मागच्या दारी नेऊन ठेवलं. एका कोपऱ्यासाठी एवढं काय!

शिवरात्र झाली की जेसीबी येणार आहे. मी निंबापुढं जाऊन उभी राहीन. कोणाले काय म्हणायचं ते म्हणू दे.

पाठीशी राहजो, ताई.
प्राजक्ता


अमरावती
१८ फेब्रुवारी

चि. सौ. प्राजक्तास आशीर्वाद.

असं काही करजो नोको. लोकाईपुढं जाऊन तू काय सांगशीन? माह्या सोहमचे बारावीचे पेपर चालू आहेत, नाही तं मीच आली असती. अन् पुन्हा पोट्टीवर हात उचलला तं माह्याशी बोलू नोको.
तुही काळजी करणारी,
मोनाली


अकोला
२४ मार्च

ती. सौ. मोनालीताईस,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

तू नाही म्हटलं तरी मी गेली. देवूले आत्याबाईपाशी ठेवलं अन् निंबाले पाठ लावून उभी राहिली. जेसीबीवाला हॉर्न वाजवून थकला. पंजाबराव सर धावत आले, म्हणे बेटा, झाड तोडत नाही, नुसते खड्डे करतो. साऱ्याईले वाटलं मी झाड वाचवून राहिली. एका पोट्ट्यानं मोबाईलमधी फोटो बी काढला. मले बाजूले होता येईना.

तेवढ्यात मामाजी आले. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी नाही. माह्यापुढं येऊन म्हणाले, पोरी, घरी चाल, ते इथी नाही.

घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून त्याईनं सारं सांगितलं. धुऱ्यावर निंब दोन होते. एकच राहिला, तोच मले दिसते. दुसरा लेआउट पाडताना तोडला. तो निंब होता तिथी आता मामाजीची बाज आहे.

हा प्लॉट त्याईनं मागून घेतला, ताई. दलाल नाही म्हणत होता, लोक हसत होते, तरी. जागा मोकळी राहावी म्हणून घर मागं सरकवलं, म्हणून आमच्या खोल्या एवढ्या लहान. मी त्यावरून बी किती बडबडली होती. लेकरू नेलं त्या दिवशी खड्ड्यात मीठ टाकलं, वरून बाभळीचे काटे टाकले, अन् कुत्रे उकरतीन म्हणून रातभर तिथीच बसून राहिले. मले वाटते, तवापासून ते उठलेच नाहीत.

मी लेकराचं तोंड बी पाह्यलं नव्हतं. तोंड पाहणारे मामाजीच. डोक्यावरचा पदर धरून विचारलं, कसं होतं म्हणून. मंग म्हणाले, कपाळ तुह्यासारखं होतं.

बगीचा झाला. खड्ड्यातून काहीच निघालं नाही. देवू रोज माह्या तोंडाकडं पाहे, पण झोका मागे ना. मार आठवत अशीन तिले. माहे बी पाय तिकडं उचलत नव्हते. काल संध्याकाळी मामाजी बाजेवरून उठले, टोपी घातली. म्हणाले, आता थोडा वेळ तू बस इथी, मी पोरीले झोक्यावर घेऊन जातो. तिचं बोट धरलं अन् गेले.

मी बाजेवर बसली. त्याईच्या अंगानं ती अजून गरम होती. तिथून झोका दिसत नाही, नुसती साखळी कुरकुरते तेवढी ऐकू येते. अंधार पडला तरी मी उठली नाही.

लोभ जसा आहे तसाच राहू देजो. हे पत्र मात्र ठेवजो.
तुही प्राजक्ता