वाळूतली मर्दुमकी

अलेक्झांड्रिया,
२ जुलै १९८३

चि. रिफअत यास इनायतताईचे आशीर्वाद. वि. वि.

तपासणी अर्धवट टाकून तू पळालास, आणि बोलणी मी खाल्ली. साखर, रक्तदाब, मूत्रपिंडं, सिगारेट... मधुमेहात आयुष्य खाणाऱ्या गोष्टी डॉक्टर एकेक सांगत होते आणि त्यातली एकही तू सोडलेली नाहीस. शाळेत कधी एवढे गुण पडले नव्हते तुला! तळपायाला टाचणी टोचली तरी कळेना, तर म्हणे तू हसलास. त्यात हसण्यासारखं काय होतं?

बसबूसाची मिठाई कुठेही लपवली तरी तू हुडकून काढतोस, असं सफीनाझ कळवते. नवऱ्यावर पहारा ठेवायला लग्न केलं का तिने? गुडघे दुखतात तर इथे ये, नीट दाखवू.

लोभ आहेच, अक्कल वाढावी ही विनंती.

तुझी ताई


सिवा,
२९ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे डॉक्टर तुलाच लखलाभ. गुडघ्यांसाठी मी सिवाला वाळूच्या उपचाराला आलो आणि भर दुपारी मानेपर्यंत तापल्या वाळूत पुरून घेतलं. बाकीचे गडी "काढा, काढा" म्हणून बोंबलत तंबूत पळाले. मी आपला स्वस्थ पडून! वाळू ओढणारे शेख म्हणाले, असा मर्द उभ्या जन्मात पाहिला नाही.

तळपायांना मोठाले फोड आलेत, पण दुखणं नावाला नाही. एक फुटला, त्यावर कॉफीची पूड दाबलीय. सफीनाझ उगीच रडते. उद्या मतरूहला घरी निघतो.

कृपा असावी, शिव्या आवराव्यात.

रिफअत


अलेक्झांड्रिया,
४ ऑगस्ट

रिफअत, अरे गाढवा,

आशीर्वाद नंतर. जे बोंबलले त्यांचे पाय शाबूत आहेत. तुझ्या पायांतली जाणीवच गेलीय, त्याची कसली मर्दुमकी सांगतोस? डॉक्टरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, अशी न दुखणारी जखम पाय घेते, आणि मधुमेहात पाय गेला की माणूसही पुष्कळदा फार काळ राहत नाही.

कॉफी पुसून टाक. पाऊल टेकवू नकोस. आजच्या आज इस्पितळात जा. पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे.

ताई


मतरूह,
१९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

मी सांगतोय, सफीनाझ लिहितेय. पत्र मिळालं तेव्हा वाटलं, दुखत तर नाही, जाऊ आठवड्याने. परवा उजवा पाय घोट्याच्या वर कापला. डाव्याचं अजून ठरायचंय.

शेजारच्या खाटेवर असाच पाय कापलेला एक म्हातारा होता. तो रात्री गेला, आज सकाळी त्याची चादर बदलली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हसून सांगतो, मजेत आहे. तुला खोटं सांगवत नाही. मला मरायची फार भीती वाटते, ताई.

ये. वाटेल तेवढं बोल, पण ये.

तुझा रिफअत