अमडापूरच्या जर्मनचं मैदान

मी, फकीर मोहम्मद मन्सुरी, वय ६५, धंदा गाद्या-रजया भरणे, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. डोकं जागेवर आहे, गुडघा नाही. कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की:

१. गावात मला ‘जर्मन’ म्हणतात. १९७४ साली जर्मनीच्या तेरा नंबरवाल्याने गोलाकडे पाठ असताना वळून फुटबॉल वर्ल्डकपची फायनल जिंकून दिली, हे पेपरात वाचलं. देशासाठी बासष्ट सामने, अडुसष्ट गोल. मी तसंच वळायला शिकलो आणि आमच्या क्लबाला धाड गावच्या सामन्यांचा कप दोनदा आणून दिला.

२. क्लबाचा अध्यक्ष किसनराव यास काहीही देऊ नये. तो तेरा नंबरवाला पुढे दारूत बुडाला तेव्हा त्याच्या जुन्या क्लबाने त्याला बाहेर काढून कोच केलं. माझा गुडघा गेला तेव्हा किसनरावाने दुसऱ्याच दिवशी माझी जर्सी भाच्याच्या अंगावर चढवली. मुलींची टीम काढ म्हटलं तर म्हणाला, "चाचा, पोरीयले काऊन पळवता? लोक हसून राह्यले." माझ्या जनाज्यात त्याने मागेच राहावं. सामन्यातही तो तिथेच असायचा.

३. घर, कापूस पिंजायचं यंत्र व बँकेतली रक्कम शरियतप्रमाणे मुलगा मतीन व मुलगी उमैमा यांना जाईल. यंत्राला मतीनने कधी हात लावला नाही; कापूस नाकात जातो म्हणे. भंगारात घालेल, माहीत आहे.

४. गावाबाहेरचं माझं मैदान. मतीनला तिथे प्लॉट पाडायचे आहेत. मुलगा हयात असताना नात वारस ठरत नाही, वारस नसलेल्याला मिळकतीचा तिसरा हिस्साच देता येतो, आणि मैदान त्यात बसतं, हे वकिलाकडून दोनदा तपासलं आहे. ते मी मतीनची मुलगी गुलनाज, वय १४, हिला देतो. तिचे खेळायचे बूट बापाने चुलीत घातले. मला म्हणतो, "अब्बा, लोकायले तोंड काय दाखवू?" मतीन, तुझं तोंड बघायला कोण बसलंय?

५. गुलनाज अठराची होईपर्यंत मैदानाची देखरेख उमैमाने करावी. कारण लिहिणं भाग आहे. उमैमाचा डावा पाय माझ्यापेक्षा सरस होता. ती तेराची झाली, लोक बोलू लागले, आणि भर सामन्यात मैदानात शिरून मीच तिला हाताला धरून घरी आणलं. मतीन कडेला उभा राहून बघत होता. तो जे करतो ते माझ्याकडूनच शिकला.

उमैमा, कोणी मुलीला असं न्यायला आलं तर त्याला आत पाऊल टाकू देऊ नकोस. तो बाप असला तरी.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली.

फकीर मोहम्मद मन्सुरी
अमडापूर, ११ जानेवारी २०२६

साक्षीदार:
जानराव इंगळे, निवृत्त रेफरी, धाड
जुनेद शेख, शिंपी, अमडापूर